आधी कड, मग पाठ, मुखडा शेवटी

गुरुजींच्या घरात चिंच आणायला बंदी होती. केशोरीच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझी किराण्याची पिशवी ओसरीवर रिकामी करून घेतली. डाळ, तेल, साबण, उदबत्ती. तळाशी कागदाच्या पुडीत पावशेर चिंच निघाली. ती त्यांनी दोन बोटांत धरून कुंपणापलीकडे नेऊन टाकली आणि परत येऊन हात धुतले. "लिंबू चालते," म्हणाले, "पण पिळून झालं का साल माझ्यासमोर फेकाचं." मी गोंदियाच्या बाजारात वाढलेली मुलगी. घरमालकाशी नीट वाग, असं आईने चारदा बजावून पाठवलं होतं, म्हणून मान डोलावली. आत जाऊन त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना विचारलं, गुरुजींना चिंचेचं पथ्य आहे का. काकू म्हणाल्या, "त्याईले नाई, भांड्याईले."

खरंच, त्या घरातली सगळी पितळ-तांब्याची भांडी काळीहिरवी होती. हंडा काळा, कळशी काळी, देवघरातलं ताम्हन तर विहिरीतून नुकतं काढल्यासारखं. पाहुण्यांना वाटायचं काकू आळशी आहेत. गावात नवीन आलेली एक नर्सबाई तर काकूंना भांडी घासायची पावडर भेट देऊन गेली. त्या अपमानाने काकू दोन दिवस जेवल्या नव्हत्या. गुरुजींनी ती पावडर तुळशीच्या कट्ट्यामागे खड्डा करून पुरली.

कारण असं होतं की गुरुजींना प्राचीन रोमच्या कांस्यपदकांचं वेड होतं. कुठे रोम आणि कुठे अर्जुनी मोरगाव तालुका. पण चित्रकलेचे शिक्षक म्हणून पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या या माणसाला त्या विषयातलं जेवढं ठाऊक होतं तेवढं आमच्या अख्ख्या जिल्ह्यात कुणाला ठाऊक नसणार, आणि कुणाला ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं, ही त्यांची मोठी अडचण होती. ती अडचण ते भाडेकरूवर भागवत.

वेडाचं मूळ एका जाड इंग्रजी पुस्तकात होतं. जंगल खात्यातला कुणी साहेब बदली होऊन गेला, त्याच्या रद्दीत ते गुरुजींना मिळालं. पानोपानी वाटोळ्या पदकांचे फोटो आणि खाली बारीक अक्षरात वर्णनं. गुरुजींनी शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक इतक्या वेळा वाचलं होतं की त्यांना इंग्रजी येई ते तेवढंच. कोणत्याही माणसाचं वर्णन ते त्या पुस्तकाच्या भाषेत करत. माझी आई पहिल्यांदा भेटायला आली, तेव्हा तिला नमस्कार करून, नीट न्याहाळून ते काकूंना म्हणाले, "कड थोडी झिजली, बाकी उत्तम." आई गोंदियाला परतेपर्यंत बसमध्ये फणफणत होती, "ये आदमी का दिमाग ठीक है ना?"

पदकाला नाणं म्हटलेलं त्यांना चालत नसे. चुकून म्हणालात तर पुढ्यात आलेला चहा आत जायचा. "नाणं बाजारासाठी. हे देयासाठी." मग पुढचा पाऊण तास गेलाच. रोमचा राजा नव्या वर्षाच्या दिवशी ही पदकं स्वतःच्या हाताने आपल्या माणसांना द्यायचा. नाण्यापेक्षा मोठी, जाड, जड. पुढे राजाचा मुखडा, मागे एखादं चित्र. कधी रथ, कधी जहाज, कधी देवी. या पदकांनी काही विकत घ्यायचं नाही, फक्त जवळ बाळगायचं. त्यातली काही तर दोन धातूंची, आत तांब्याचं पोट आणि भोवती पितळेची कडी, एकाच घावाखाली ठसा मारून केलेली. "एका घावाखाली, मॅडम," असं म्हणून ते माझ्या तपासायच्या वह्यांवर मूठ आपटत.

आणि चिंच? तर इतक्या वर्षांत कांस्यावर जो हिरवट-काळा थर चढतो तो पदकाचा जन्मदाखला. तो घासून काढला की जगातला कुणीही तज्ज्ञ त्याला जुनं मानणार नाही, कालपरवा केलेलं म्हणून फेकून देईल. म्हणून घरात चिंच नको. मी म्हटलं, "गुरुजी, पण तुमच्या घरात पदक कुठे आहे?" ते म्हणाले, "आलं तर?"

कारण त्यांनी खरं पदक उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. एकही. हातात घेणं तर लांबच. वैनगंगेच्या वाटेने कधीकाळी व्यापारी आले असतील, एखाद्याच्या कमरेला एखादं बांधलेलं असेल, ते आपल्याकडच्या एखाद्या तलावात पडलं असेल, एवढ्या 'असेल'वर त्यांनी एका बाईला जन्मभर काळ्या भांड्यांत स्वयंपाक करायला लावला होता. एक पदक तळहातावर घ्यायचं आणि मग मेलं तरी चालेल, असं ते काकूंसमोर म्हणायचे. काकू म्हणायच्या, "मले तो गंज घासू द्या, मग मी मेली तरी चालते."

खरं नाही म्हणून त्यांनी फोटो बघून मेणात पदकं कोरली होती आणि त्यांचे प्लास्टरचे ठसे काढून ओसरीची एक भिंत भरून टाकली होती. पांढऱ्या वाटोळ्या थापाच थापा. पोस्टमन नवा आला तेव्हा त्याने विचारलं, "गोवऱ्यांले चुना कायले लावला?" तो बिचारा बदली होईपर्यंत फाटकातूनच पत्रं टाकत असे.

संध्याकाळी शाळेतून दमून येऊन मी जिना चढायला लागले की हाक यायची, "मॅडम, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं कधी पाच नसायची. डोळ्यांवर गमछा बांधायचा, तळहात पुढे करायचा आणि त्यावर ते काहीतरी वाटोळं ठेवायचे. डब्याचं झाकण, सायकलचा वायसर, समईची बैठक, पंख्याची टोपी. "आधी कड," ते सांगायचे. "मग पाठ. मुखडा शेवटी. मुखड्यावर सगळेच मेहनत करतेत, कडेवर कोनी करत नाई. खोटारडा कडेवर सापडते." मग अंगठा कडेवरून फिरवायचा. ओतीव वस्तूला साच्याची शिवण लागते. ओतीव वस्तूच्या अंगावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं असतात, धातूतले बुडबुडे फुटलेले. ठसा मारलेली वस्तू घट्ट, तिला भोकं नसतात. चुकलं की पुन्हा. सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे वर पडलेले आणि मी खाली आंधळ्या कोशिंबिरीतल्या मुलीसारखी गमछा बांधून बसलेली. शेजारणी कुंपणावरून बघायच्या. माझ्या नाकी नऊ आले होते, पण घर स्वच्छ होतं, काकू माझ्यासाठी जीव टाकायच्या, आणि केशोरीत दुसरी खोली नव्हती.

आणि हे एक वेळ चाललं असतं. पण या माणसाला तोंडावर गोड बोलणं म्हणून ठाऊक नव्हतं. प्रजासत्ताक दिनाला शर्यतीतल्या मुलांसाठी एका बड्या पाहुण्यांनी पदकं दिली होती. गुरुजींना मीच आग्रहाने घेऊन गेले होते, माजी शिक्षक म्हणून. पाहुण्यांनी कौतुकाने एक पदक त्यांच्या हातात दिलं. गुरुजींनी अंगठा फिरवला आणि समोर माईक आहे याचं भान न ठेवता म्हणाले, "ओतीव आहे. शिवण दिसून राहिली. मुखडाही कोनाचा आहे ते समजत नाई." मुखडा पाहुण्यांच्या वडिलांचा होता. पुढचा महिनाभर मुख्याध्यापक माझ्याशी फक्त चिठ्ठ्यांतून बोलले.

लोक त्यांच्याकडे पदकं दाखवायला यायचेच नाहीत, यायचे ते वेगळ्याच कामाला. आमच्या भाताच्या मुलखात एक खूळ आहे, की काही जुनं तांबं असं असतं जे तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं, आणि तसं मिळालं तर परदेशातले लोक वाटेल ती किंमत देतात. त्यापायी शहाणीसुरती माणसं फसली आहेत. एकदा गोंदियाकडचे तिघे जण गाडी करून एक लोटा घेऊन आले. "गुरुजी, ये चावल खींचता है, बस आप लिखके दे दो." गुरुजींनी काकूंकडून परातभर तांदूळ मागवले, मध्ये लोटा ठेवला आणि तिघांना समोर बसवलं. सकाळी दहाला बसवलं ते दुपारी दोनपर्यंत. उठू देईनात. "ओढू द्या ना. घाई कायले करता?" एक दाणा हलला नाही. दोन वाजता त्यांनी तेच तांदूळ शिजवायला लावून तिघांना जेवू घातलं आणि वाढताना म्हणाले, "पाहा, तांदूळ नाई हलला, तुमीच सरकले." भांडी मात्र मी आणि काकूंनी घासली. राखेने, हळू हाताने, त्यांच्या देखरेखीखाली.

माझं स्वतःचं नुकसान याहून मोठं. बालाघाटकडचं एक स्थळ मला बघायला आलं. गोंदियाला आमच्या घरी त्या दिवसांत पाहुण्यांची गर्दी होती, म्हणून आईने कार्यक्रम केशोरीलाच ठेवला. मुलगा देखणा, बोलायला चतुर, मला मनापासून आवडला होता. गुरुजी त्याच्याभोवती फिरले. बुटांच्या टाचा पाहिल्या. पाठीमागे जाऊन कॉलर पाहिली. मग मुलाच्या मामासमोर खुर्चीत बसून म्हणाले, "कड खराब, पाठ खराब. मुखड्यावर पॉलिश लय आहे." चहा अर्धवट टाकून मंडळी उठली. मी दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही. गुरुजी जिन्यावर उभे राहून ओरडत होते, "मॅडम, काऊन रागावता? मी खोटं सांगू का?" दोन वर्षांनी मी ज्याच्याशी लग्न केलं त्याला त्यांनी "झिजलेला आहे, पण खरा आहे" म्हणून पास केलं. माझा नवरा हे प्रशस्तिपत्र अजून लोकांना सांगत फिरतो. पण तेव्हा मला वाटायचं, देवाने या माणसाला एकदा तरी एक साधं, दयाळू खोटं बोलायला शिकवावं.

आता त्या पाडव्याबद्दल सांगायला हवं.

गुरुजींच्या धाकाखाली काकूंनी आणि मी एक गुप्त करार केला होता. ते गावाबाहेर गेले की आम्ही भांडी घासायची. चिंच माझ्या ट्रंकेत साड्यांखाली असायची. घासायची तीही बेताने, म्हणजे ते परत येईपर्यंत एखाद-दुसरं भांडं उजळलेलं दिसावं आणि त्यांना वाटावं उजेडाचा फरक आहे. पण गुढीपाडव्याची गोष्ट वेगळी. गुढीवर पालथा घालायचा तांब्या काळा कसा चालेल? दरवर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यावरून रणकंदन व्हायचं. त्या वर्षी मात्र आदल्या दिवशी मी सकाळची शाळा करून दुपारी घरी आले, तर काकू जिन्याखाली उभ्या. चेहरा उजळलेला. "अर्जुनीले गेले. सोनाराकडून वजनाचा काटा आनाले. चारच्या आत येत नाईत. उतर खाली, पोरी."

आम्ही देवघर रिकामं केलं. ताम्हन, पळी, पंचपात्र, निरंजन, घंटा, ताम्हनात जे काय होतं ते सगळं, वर गुढीचा तांब्या, असं एका बादलीत चिंचेच्या कोळात दोन तास बुडवून ठेवलं आणि मग मी बाहेरच्या दगडावर बसून घासलं. देवाची भांडी घासताना कुणी बघत नाही. हात आपला चालतो, तोंड गप्पा मारतं. एक वाटोळी जाड चकती होती. मला वाटलं कशाची तरी बैठक असेल किंवा एखादा जुना टाक. ती सगळ्यांत काळी होती, म्हणून तिला सगळ्यांत जास्त घासलं. विटकरीचा चुरा लावून घासलं. मध्ये लाल आणि भोवती पिवळी अशी चकाकायला लागली तेव्हा काकूंना दाखवली सुद्धा. काकू म्हणाल्या, "किती सुंदर निघाली."

सकाळी मी शाळेत असताना काय झालं होतं ते मला त्याच संध्याकाळी कळलं. सुमन म्हणून गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. माहेर केशोरीचं, सासर तिकडे चोरखमारा तलावाखालच्या एका गावात. उन्हाळ्यात तलावातला गाळ शेतात टाकतात, त्या गाळात फावड्याला ती चकती लागली. दिराने ठरवलं, ही तांदूळ ओढणारी आहे, विकायची. सुमनला ते पटेना, म्हणून पाडव्याला माहेरी येताना ती ओटीत बांधून घेऊन आली आणि गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी कड पाहिली. फावड्याचा घाव बसला होता तिथे थराखाली आत लाल आणि बाहेर पिवळं दिसत होतं. पाठ पाहिली. कुणीतरी बैलजोडी जुंपून नांगर हाकतोय असं काहीतरी मळाखाली कळत होतं. मुखडा त्यांनी पाहिलाच नाही. मुखडा वजन केल्यावर, नीट उजेडात. सुमनला म्हणाले उद्या ये, आणि घरात जिथे कुणी हात लावणार नाही अशी एकच जागा त्यांना सुचली. देवघर. ताम्हनात ठेवून वर बेलाचं पान झाकलं, काकूंना चकार शब्द न सांगता लुनावर बसले आणि काटा आणायला गेले.

चारला ते परतले. मांडीवर काटा. थेट देवघरात. तिथून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ती चकती होती, लख्ख. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "कोनं घासलं?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "मी."

एव्हाना मला कळलं होतं की काहीतरी भयंकर झालं आहे. ज्याने पावडर पुरली, तो माणूस आता मला पुरणार. गुरुजी ओसरीच्या पायरीवर बसले. कडेवरून अंगठा फिरवला. पाठ पाहिली. मग मुखडा. खूप वेळ पाहिला. मला तिथून फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं. मग त्यांनी मान वर केली आणि सकाळपासूनची सगळी हकिगत सांगितली, गाळ, सुमन, बेलाचं पान. आणि शेवटी म्हणाले, "ओतीव आहे, मॅडम. बुडबुडे दिसून राहिले. कालचीच कोनी केलेली. बरं झालं तुमी घासलं, नाई तं फसलो असतो."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. तरीही, सापडलेली वस्तू कळवायची या नियमाप्रमाणे त्यांनी एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला फोटोसह पत्र लिहिलं, त्याचं दोन ओळींचं उत्तरही आलं. पृष्ठभाग नवा आहे, अलीकडची प्रतिकृती वाटते. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं आणि भिंतीवर त्या पांढऱ्या थापांच्या मधोमध चिकटवून टाकलं. मी ते नंतर किती जणांना वाचून दाखवलं असेल. स्टाफरूममध्ये हा माझा हुकमी किस्सा होता. रोमचा राजा, चिंचेची बादली, आणि माझ्या घासण्यामुळे वाचलेली गुरुजींची अब्रू. गुरुजींसमोरही सांगायचे. "माझ्यामुळे वाचलात हो," म्हणायचे. ते म्हणायचे, "हो, वाचलो."

पुढे माझं लग्न झालं, बदली तिरोड्याला झाली. दिवाळीत केशोरीला चक्कर मारायची हे ठरलेलं. दर वेळी काही ना काही वाद व्हायचा आणि मी वैतागून परत यायचे. दोन वर्षांपूर्वी गुरुजींचे डोळे काचबिंदूने गेले. आता त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. तरी फाटकात पाय टाकला की ते चालण्यावरून माणूस ओळखतात आणि कडेबद्दल काहीतरी बोलतात.

पाडव्याला मात्र मी कधी गेले नव्हते, तो दिवस गोंदियाला आईकडे. यंदा नवऱ्याला अर्जुनीला काम निघालं, म्हणून न कळवता श्रीखंडाचा डबा घेऊन केशोरीत उतरले. गुढी उभी होती. वरचा तांब्या लखलखत होता. कुंपणाशी मोगऱ्याच्या आळ्याजवळ एक बाई चप्पल घालत होती. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. "तुमी वरच्या मॅडम ना? मी सुमन." मी हसून म्हटलं, "अगं, ती तुझी खोटी चकती. अजून आहे का?" आणि माझा किस्सा सुरू करणार, तर ती विचित्र नजरेने माझ्याकडे बघायला लागली.

"खोटी?" ती म्हणाली. "मॅडम, तुमाले अजून नाई सांगतलं का त्याईनं?"

काकू परसातून आल्या होत्या आणि हातातली वाटी घेऊन तशाच उभ्या होत्या. सुमनने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता किती दिवस लपवाचं. गुरुजींनं मले दुसऱ्याच दिवशी सांगतलं होतं. खरी आहे. राजा सिंहाचं कातडं घालून आहे आणि मागं तोच सोता नांगर हाकून राहिला. पण चमकून राहिली ना, म्हणून आता कोनी मानत नाई. मले म्हणाले, दिराले देऊ नोको, घरी जपून ठेव. आणि वरच्या मॅडमले सांगू नोको. ती पोर आहे, जनमभर मनाले लावून घेईल. मी दर पाडव्याले आनतो. ते घंटाभर हातात धरून बसतेत. मग मी घेऊन जातो. आज म्हणाले, राहू दे जेवनापर्यंत. म्हणून मी आईकडं जाऊन येतो."

ती गेली. मी मोगऱ्याच्या आळ्यात उभी. त्या दिवशी मला जन्मभराची शिक्षा सुनावली असती तरी ती कमी होती. त्याऐवजी ज्या माणसाने पाहुण्याला सोडलं नाही, माझ्या स्थळाला सोडलं नाही, माझ्या आईच्या कडेला सोडलं नाही, त्याने माझ्यासाठी आपलं आयुष्यभराचं एकमेव पदक खोटं ठरवलं. आणि मी इतकी वर्षं त्याच्यासमोर उभी राहून त्याचा विनोद सांगितला. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. एवढं लपवून ठेवणारा माणूस, एकदा तरी ओरडायचं होतं. काकूंनी पदराने माझं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "त्याईले समजू देऊ नोको तुले कळलं म्हणून. ह्या एका गोष्टीसाठी लय मेहनत केली त्याईनं."

ओसरीवर गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. वर त्यांच्या पांढऱ्या थापा, मध्ये पिवळं पडलेलं ते पत्र. दोन्ही तळव्यांत काहीतरी मिटलेलं. माझी चाहूल लागताच हात गमछ्याखाली गेले. "मॅडम? आज पाडव्याले कशा?"

"आले अशीच."

माझा आवाज बसलेला त्यांना कळला असणार, त्यांना काय कळत नाही. मग त्यांनी गमछा बाजूला केला आणि हात पुढे केला. "हे घ्या. ती ओतीव. आठवते? बुडबुडेवाली."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि डोळे मिटून घेतले. आधी कड. फावड्याचा घाव सोडला तर अंगठ्याला काही लागेना. शिवण नाही. तांबं आणि पितळ जिथे भेटतं तिथे नखही अडकलं नाही. मग पाठ. बैलांची वशिंडं, नांगराची मूठ धरलेला हात, सगळं घट्ट, एका घावाखालचं. मुखडा शेवटी. सिंहाची आयाळ आणि तिच्याखाली एका माणसाचं नाक, त्याच्या नाकपुडीजवळ माझ्याच विटकरीने पडलेले बारीक ओरखडे. सगळीकडे फिरवला अंगठा. एक भोक नाही.

"सापडले?" गुरुजींनी विचारलं. मान एका बाजूला कलती, परीक्षेत मुलाच्या वहीवर वाकल्यासारखी.

"हो गुरुजी," मी म्हटलं. "तीन आहेत."

"तीन कुठचे?" ते लगेच वैतागले. "दोन आहेत. एक नाकाजवळ, एक बैलाच्या पायाजवळ. किती वर्षं शिकवलं तुमाले. नीट पाहा."

"तीन आहेत. तिसरं कडेजवळ आहे."

"कडेजवळ काहीच नाई. आना इकडं."

आणि काकूंनी पानं मांडून तीनदा हाक मारेपर्यंत आम्ही ते पदक एकमेकांच्या हातातून ओढून घेत, त्यात नसलेल्या भोकांवरून भांडत बसलो.